सातवी पासचा दाखला

बाबा नववीत असताना हेडमास्तरांनी आजीला शाळेत बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, तुमचा नवरा लढाईत गेला. अशाच्या पोराले फी माफ असते, वसतिगृह मिळते. फक्त फौजेचा कागद आणून दाखवा." आजीनं मान हलवली आणि घरी आली. कागद लोखंडी पेटीत होते आणि पेटीची किल्ली तिच्या कमरेला. तिनं पेटी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी ती लोकांच्या वावरात निंदायला गेली. हेडमास्तरांनी तीनदा निरोप पाठवला, मग त्यांनीही नाद सोडला. बाबा शाळेतून निघाले आणि चांदूर रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती वाहू लागले.

आमच्याकडे जमीन नव्हती. कापूस वेचणीचे तीन महिने भाकरीचे, बाकीचे नऊ कण्यांचे. आजीला पेन्शन होती, पण तेव्हाची पेन्शन म्हणजे मिठामिरचीची सोय. एकाच खोलीत आजी, बाबा, पुढे आई, मग आम्ही तीन भावंडं. बाबांची पाठ चाळिशीत वाकली. घरात भांडण झालं की ते शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबत. "बुढीनं एक कागद दाखवला असता तर मी आज खुर्चीवर असतो." तेव्हा आजी उठायची. ती भांडी घासायला बाहेर जायची.

घरात आणखी एका माणसाला शिव्या बसत. तो आज्याचा थोरला भाऊ. बाबांचा मोठा काका, म्हणून आम्ही सगळेच त्याला मोठेबाबा म्हणायचो. एकाहत्तरच्या लढाईनंतर आजा गेल्याची तार आली आणि महिन्याभरात हा माणूस घर सोडून अकोल्याला निघून गेला. भावजय विधवा, पोरगं दीड वर्षाचं. त्यांचं पोट पाहावं लागेल म्हणून पळाला, असं गाव म्हणायचं. बाबा म्हणायचे. मीही म्हणत आले. अकोल्यात एका जिनिंगमध्ये हमाली करतो, लग्न केलं नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. अमरावतीला चार मुलींत एक खोली घेऊन, सकाळी दुसऱ्यांच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन झाले. पुढे परीक्षा देऊन सरकारी कचेरीत लिपिक झाले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी गेले तर कळलं, ग्रामपंचायत शाळेसमोर गावातल्या शहिदाच्या नावाचा दगड बसवणार आहे. सव्वीस जानेवारीला. गावातून फौजेत जाऊन कामी आलेला माणूस एकच, माझा आजा. आजी इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "त्याची माती आली नाही, राख आली नाही. कोठी एक निशाणी नाही. दगडावर त्याचं नाव पाहिलं का मंग मी जायले मोकळी."

मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक म्हणाला, "नाव आलं ना मॅडम जिल्ह्यावरून. कारागिराले देऊन बी टाकलं." त्यानं यादी दाखवली. आमच्या गावाचं नाव होतं. आडनाव आमचं, बापाचं नाव माझ्या पणज्याचं. पहिलं नाव मोठेबाबांचं.

"हे चुकलं आहे," मी म्हणाले.

"आमी नाही लिवलं, सरकारनं लिवलं."

सरपंच बाजूलाच बसले होते. गावातल्या जुन्या शेतकरी घरातले, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "पोरी, दगडावर खाडाखोड होत नाही. तुह्या आज्याचा कागद आण, आत्ता बदलतो. नाहीतर यादीतलं नाव जाईन."

घरी येऊन आजीला सांगितलं. ती तूर पाखडत होती. हातातलं सूप तसंच राहिलं.

"पेटीतला कागद दे," मी म्हणाले.

"नाही."

"कावून पण?"

"दगडावर त्याचं नाव पाहिजे मले. कागदाचं मले इचारू नको."

आता यावर काय करायचं? आज्याचा एक फोटो होता घरात, वर्दीतला, पिवळा पडलेला. तो घेतला आणि अमरावतीला माजी सैनिकांचं काम पाहणाऱ्या कार्यालयात गेले. टेबलापाशी एक निवृत्त हवालदार होते, पांढऱ्या मिश्यांचे. त्यांनी मोठं रजिस्टर काढून बोट फिरवलं. तेच नाव. पुढे लिहिलेलं की इंजिनिअर तुकडीतला जवान, सुरुंग काढताना मृत्यू.

मला राग आला. मोठेबाबांनी इथेही काही लबाडी केली असणार असं वाटलं. कशी, ते सुचेना, पण वाटलं. मी चार माणसांत मोठ्यानं म्हणाले, "साहेब, हा माणूस मेलेला नाही. अकोल्यात जिवंत आहे."

हवालदारांनी पेनला टोपण लावलं. बाजूच्या टेबलवाल्याला चहा सांगायला पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही आत्ता काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. पुन्हा कोठी बोलू बी नका. तुमच्या आजीची पेन्शन याच नावावर हाय."

मी फोटो पिशवीत ठेवला.

"असे जवान लय पाहिले मी. एकाची छाती, दुसऱ्याचा दाखला. तुमी शिकलेल्या हा, समजून घ्या." त्यांनी एका चिठ्ठीवर परतवाड्याचा पत्ता लिहून दिला. त्याच तुकडीतला एक म्हातारा तिथे होता. "घरचं मानूस सांगत नसन तर याले इचारा. मले नका इचारू."

शिकलेली होते म्हणूनच तर आवाज चढवून बोलले होते. 

पुढच्या रविवारी परतवाड्याला गेले. म्हातारबांच्या मुलाचं बॅटरीचं दुकान होतं, त्याच्या मागे अंगण. म्हातारबा खाटेवर ऊन खात बसले होते. मी फोटो दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि मोठेबाबांचं नाव घेतलं. मग पुन्हा घेतलं, या वेळी लाडानं अर्धं करून, जसं आपण भावाला हाक मारतो.

"हे त्यांचं नाव नव्हतं," मी म्हणाले.

"मले सांगतं काय तू? मी काय आज पैदा झालो? हजेरीले नाव पुकारलं का त्याचं ध्यानच नसे. दुसऱ्याच्या नावानं कोन वो देईन पटकन? मी कोपरानं ढोसो, तवा तो 'हाजिर' म्हने. सायेब म्हने याले कमी ऐकू येते का? मी म्हनो, हो सायेब, उजव्या कानानं." ते हसले, खोकले. "नात का त्याची? मंग बस ना, उभी कायले?"

त्यांनी आतून तुटक्या छत्रीची एक काडी आणवली. खाटेजवळ तुळशीची कुंडी होती, तिच्या मातीत त्यांनी काडी तिरपी सारली. म्हणाले, "असं. सरळ नाही खुपसायची. तिरपी गेली तर सुरुंगाच्या कुशीले टेकते. सरळ गेली तर डोक्यावर टेकते, मंग तू कोठी अन् मी कोठी. पोटावर आडवं पडून इंचाइंचानं जा लागते पुढं. तुह्या आज्याचा हात असा होता का काय सांगू. कापसाच्या बोंडात हात घालते ना बाई, बोट न टोचता, तसा." मग काडी पुसून त्यांनी मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्याशी चाळा करत राहिले.

"लिहिता येत होतं का त्यांना?" मी विचारलं.

"तेच तर झालं ना."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे, जमेल तेवढं.

"लढाई लागायच्या आधी आमी सीमेवरच्या वावरावावरात सुरुंग पुरले. एक खुणेचा दगड धरायचा, तिथून पावलं मोजायची. किती पावलावर रांग, रांगेत किती नग, दोघात अंतर किती, हे सारं कागदावर घ्यायचं. कारण आज पुरले ते उद्या आपल्यालेच काढा लागते. कागद चुकला का मानूस गेला. हे टिपायचं काम शिकलेल्याले देत. तुह्या आज्याच्या दाखल्यावर सातवी पास. देल्लं त्याले. अन् त्याले तर आकडे सरळ लिवता येत नव्हते. मोजे मात्र पक्का. मंग आमी जुगाड केला. तो मोजे, मी लिवो, सही त्याची. महिनाभर कोनाले पत्ता नाही. मंग मले कावीळ झाली. आठ दिवस दवाखान्यात होतो. थ्या आठ दिवसात एक रांग झाली."

"ती त्यांनी लिहिली?"

"लिवली. नाही म्हनला असता तर दाखला बाहेर आला असता. अन् मंग घरी."

नंतर लढाई झाली. ती तेरा-चौदा दिवसांत आटोपली. लोक मिठाई वाटत होते आणि यांचं काम तेव्हा सुरू झालं. पुरलेले काढायचे.

"थ्या रांगेवर आलो तं कागद जमिनीले जुळेना. सायबानं इचारलं, कोनाची रांग? हा म्हने, माही. सायेब म्हने, थांब, दुसरी तजवीज करू. हा म्हने, सायेब, कोठी कोठी हायेत ते मले याद हाय. अन् आडवाच झाला. मी हद्दीच्या पांढऱ्या फितीजवळ गेलो तं मले म्हनला, तू मांगं सरक, तुले कावीळ झाली व्हती, ही तुही रांग नाही. दुसऱ्या कोनाले जवळ येऊ देल्लं नाही त्यानं. सकाळचे दहा वाजले असन. धुकं फाटून ऊन पडलं होतं चांगलं. अकरा काढले. एक एक करून फितीच्या बाहेर मांडले. कागदावर बी अकरा होते. मंग तो उठून उभा राहिला, कमर सरळ केली, अन् माह्याकडे पाहून हात हालवला." म्हातारबांनी हात थोडा वर नेला आणि खाली घेतला. "बारावा त्याच्या पायाखाली होता."

 दुकानात कुणीतरी बॅटरी घासत होतं, त्याचा आवाज येत राहिला. निघताना मी पाया पडले तर ते म्हणाले, "मले कावीळ नसती झाली तर." मग म्हणाले, "जा. गाडी सुटन तुही."

घरी जाऊन मी आजीला सगळं सांगितलं, अंगणात, दिवसाउजेडी. बाबाही होते. आकडा चुकल्याचं सांगू की नको असं एकदा मनात आलं, पण मी सांगितलं. पन्नास वर्षं तिनं वाट पाहिली होती, तिला अर्धं सांगण्याचा मला हक्क नव्हता. आजी ऐकत राहिली. मग तिनं कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली आणि कागद माझ्या हातात दिला. "तूच वाच आता. मोठ्यानं वाच."

पेन्शनचा कागद होता. त्यावर आजीचं नाव, पुढे 'यांची पत्नी', आणि पुढे मोठेबाबांचं नाव.

"समजलं?" आजी म्हणाली. "माह्या नवऱ्याचे थोरले भाऊ, भासरे लागतात थे माहे. त्यायच्यासमोर मी कधी बसलो नाही, डोक्याचा पदर खाली पडू देल्ला नाही, एक सबद बोललो नाही. अन् कागदावर मी त्यायची बायको. हेडमास्तरानं इचारलं असतं, बाई, पोराच्या बापाचं नाव एक अन् कागदावर दुसरं, हे काय हाय? जेल झाली असती, थे जाऊ दे. पन हे मी कोन्या तोंडानं सांगू? लोकायनं काय म्हटलं असतं?"

बाबा खाली बघत होते. "मले तरी सांगायचं ना, बुढे."

"तुले सांगितलं असतं तर धक्क्यावर रागात बोलला असता तू. तुह्या तोंडात तीळ भिजत नाही."

हे खरं होतं. बाबांनी वाद घातला नाही.

मग आजीनं पुढचं सांगितलं. तार मोठेबाबांच्याच हातात पडली होती, त्यांच्याच नावाची, ते मेल्याची. पुऱ्यात, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत, सातवी झालेले ते एकटेच, म्हणून पोस्टमननं ती घरच्यांना वाचून दाखवायला त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती उभ्यानं वाचली. पुढे पेन्शनसाठी पोलीस चौकशीला येणार असं कळलं. कागदावर मेलेला माणूस अंगणात जिवंत दिसला असता तर सगळंच गेलं असतं. म्हणून ते दोन कपडे घेऊन निघून गेले. आमच्या पुऱ्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हे माहीत होतं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. वरच्या गावाला कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी आमच्या माणसांची खरी नावं कधी विचारलीच नव्हती. लंगड्या, काळ्या, बारक्या, एवढ्यावर त्यांचं भागत असे. त्या एका वेळी ते आमच्या उपयोगी पडलं.

आणि मोठेबाबांना पळपुटा म्हटलेलं आजीनं पन्नास वर्षं ऐकून घेतलं. तिच्या घरात, तिच्या पोरानं, तिच्या नातीनं म्हटलेलं.

अकोल्याला मी एकटीच गेले. बाबा येतो म्हणाले आणि ऐनवेळी त्यांची पाठ दुखायला लागली. बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. मी एका बाईला विचारलं तर ती म्हणाली, "अर्जवाले बाबा का? थे पाहा, टेबल लावून बसले." दारात एक खोका उलटा ठेवून मोठेबाबा कुणाचा तरी रेशनचा अर्ज लिहीत होते. ऐंशीच्या आसपासचे, वाळलेले. भिंगाचा चष्मा. अक्षर मात्र असं की आमच्या कचेरीत तसं एकाचंही नाही.

मी कोण ते सांगितलं. त्यांनी अर्ज पुरा केला, सही कुठे करायची त्या माणसाला दाखवलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तू बी.ए. झाली म्हने."

"हो."

"विषय कोनते?"

मी सांगितले. "इतिहास घ्यायचा चांगला असते," ते म्हणाले. शेजारणीला हाक मारून चहा सांगितला. "साखर कमी टाकजो, शिकलेली हाय." शेजारीण हसली. 

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. त्यांचा बाप गेला त्या वर्षी घरात खायला नव्हतं. ते सातवी पास, पण छातीनं कमजोर. धाकटा धिप्पाड, पण शाळेत तीन वर्षांच्या वर टिकला नाही. इंजिनिअर तुकडीला सातवी पास पोरं पाहिजेत असं कळलं. "मीच म्हटलं त्याले, माहा दाखला घे. भरतीले जायच्या आधी त्याले माहं नाव, माही जन्मतारीख पाठ करून देल्ली. चार दिवस घोकत होता." दाखला गेल्यावर चार महिन्यांनी यांना प्राथमिक शाळेच्या मास्तरकीसाठी बोलावणं आलं. मूळ दाखला घेऊन हजर व्हा. दुसरी प्रत शाळेतून मिळाली असती. पण एकाच नावाचे दोघं सरकारी पगारावर, एक फौजेत आणि एक शाळेत, हे कधीतरी उघडं पडलं असतं. ते गेले नाहीत.

तोवर मला वाटत होतं की आमच्या घरात शिकणं माझ्यापासून सुरू झालं. पदवी माझी पहिली, हे खरंच आहे. पण ज्या काळात सातवीवर मास्तर होता येत होतं, त्या काळात आमच्या घरात एक मास्तर होता, आणि तो आम्हीच खर्चून टाकला.

मी दगडाचं सांगितलं. ग्रामसभेत येऊन खरं बोला, असं मी म्हणाले.

"नाही."

"का?"

"तिची पेन्शन जाईन. मले मेलेलाच राहू दे. आधार कार्डावर बी माहं टोपणनाव हाय, कोनाचं काही अडलं नाही."

"आजीच म्हणाली, पेन्शन गेली तर जाऊ दे. तिचं पोट भरायला आम्ही आहोत आता."

ते खोक्यावरचे कागद नीट लावत बसले. मग एकदम विचारलं, "त्याले लिवता येत नव्हतं म्हनून तो मेला का?"

हा प्रश्न येईल हे मला माहीत होतं. अकोल्याच्या गाडीत मी दोन-तीन उत्तरं ठरवली होती. त्यातलं एकही मी वापरलं नाही.

"हो," मी म्हणाले. "रांगेचा कागद चुकला होता. त्यांनीच लिहिला होता. पण ते माहीत असूनच ते स्वतः आडवे झाले. दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही."

मोठेबाबांनी चष्मा काढला. "मले वाटतच होतं," ते म्हणाले. "पयल्या दिवसापासून वाटत होतं."  चहाच्या कपावर साय धरली. मग त्यांनी आत जाऊन खुंटीवरचा सदरा घेतला आणि घालायला लागले.

"आज नाही, ग्रामसभा शुक्रवारी आहे," मी म्हणाले.

"मंग शुक्रवारपर्यंत तिथंच राहतो. इथं राहिलो तर मन बदलन माहं."

बाबांनी दारातून त्यांना पाहिलं आणि हात धरून आत घेतलं.  आजी आतल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पदर डोक्यावर. चांदूरला तहसीलमध्ये जाऊन आम्ही प्रतिज्ञापत्र केलं. परतवाड्याच्या म्हातारबांनीही एक लिहून पाठवलं, खाली थरथरती सही.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात होती. मोठेबाबा उभे राहिले, स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "दगडावर माहं नाव टाकून राहिले तुमी. मी जिवंत हाय. फौजेत माहा भाऊ होता, माह्या दाखल्यावर."

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ ग्रामसेवक, मेलेल्या मानसाची हजेरी लिवता येते का?" लोक हसले. दुसरा एक म्हणाला, "म्हंजे सरकारले फसवलं यायनं. पन्नास वर्षं पेन्शन खाल्ली." हसणं थांबलं. सरपंच आमच्याकडे पाहायला लागले. मोठेबाबांची मान खाली गेली आणि मला वाटलं, मी या माणसाला इथे आणून चूक केली.

तेव्हा आजी उठली. बायकांच्या बाजूनं चालत पुढे आली आणि भासऱ्याच्या शेजारी उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्यांच्यासमोर बोलली.

"भासरे खरं बोलून राहिले. लढाईत माहा नवरा मेला, पन कागदावर हे मेले. पेन्शन बंद करायची तर करा, मी अंगठा देतो. जेलात टाकायचं तर मले टाका, त्यायले नाही. पन नाव माह्या नवऱ्याचं टाका."

ज्यानं पेन्शनचं काढलं होतं तो तंबाखू मळत बसला. पुऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं उठून सांगितलं की त्याला पहिल्यापासून माहीत आहे. मग दुसरा उठला. सरपंचांनी जरा वेळ कागद उलटेपालटे केले आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "ठराव लिव. अन् कारागिराले फोन लाव, नाव बदल म्हणा."

ठराव, प्रतिज्ञापत्रं आणि फोटो आम्ही फौजेच्या कार्यालयाला पाठवले. अजून उत्तर नाही. पेन्शन चालू आहे. ती कधी थांबेल ते माहीत नाही आणि आजीनं तो विषय सोडून दिला आहे. मोठेबाबा अकोल्याला परत गेले. आमच्याकडे राहा म्हटलं तर म्हणाले, वस्तीतले अर्ज पडून आहेत. त्या उन्हाळ्यात ते वारले. अकोल्याच्या नोंदीत त्यांचं टोपणनाव लागलं, कारण खऱ्या नावाचा माणूस कागदावर आधीच मेलेला होता. ते बदलायला मी अजून खेटे घालते आहे.

दगड सव्वीस जानेवारीला बसला. त्यावर माझ्या आज्याचं स्वतःचं नाव आहे, त्याच्या बापाच्या नावासकट, आणि खाली लिहिलं आहे की तो सुरुंग काढताना गेला. आजीनं तो पाहिला.